वस्ताद, ड्रिलमास्तर, कोच

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात क्रीडा-मार्गदर्शकांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. अर्जात एक रकाना होता : 'आपले प्रशिक्षक कोण? त्यांची शैक्षणिक पात्रता काय?' वस्तीतून आलेल्या एका मुलाने त्या रकान्यात लिहिले होते, 'कोणी नाही.' हा मुलगा विद्यापीठाच्या कबड्डी संघात दोन वर्षे चढाई करून आलेला. मी त्याला विचारले, "अरे, मग तू शिकलास कुणाकडे?" तो म्हणाला, "सर, आमच्याकडे एक दादा आहे. गिरणी बंद पडल्यापासून हमाली करतो. रोज संध्याकाळी आम्हाला खेळवायचा. पण तो कोच नाही ना सर, त्याच्याकडे कागद नाही."

त्या दादाने शंभरेक पोरांना पाय कसा काढायचा, दम कसा राखायचा, पकड कधी सोडायची हे शिकवले. पण त्याच्याच शिष्याच्या हातून त्याच्या नावावर 'कोणी नाही' असा शेरा पडला. हा शेरा त्या मुलाने मनाने लिहिलेला नव्हता. तो त्याच्याकडून लिहवून घेतला गेला होता. या देशात खेळ शिकवणारा कोण आणि 'गुरू' म्हणून मिरवणारा कोण, याचा इतिहास थोडा उलगडून पाहिला तर हा रकाना किती जुना आहे ते कळते.

सुरुवात पुण्यापासून करू. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. पेशवाईत एखादा मांग वा महार तालीमखान्यासमोरून गेला तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या मुंडक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ होत असे, अशी हकिकत या मुलीने त्या निबंधात सांगितली आहे. मराठीत खेळ आणि जात यांचा संबंध इतक्या उघड शब्दांत सांगणारा याहून जुना मजकूर मला ठाऊक नाही, आणि तो एका शाळकरी पोरीने लिहिलेला आहे. तालमीच्या समोरचा रस्तासुद्धा आपला नव्हता, मग हौद्यातली माती तर दूरच!

आणि याच पुण्यात लहुजी वस्ताद होते. लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१). गंजपेठेतल्या त्यांच्या तालमीत कुस्ती, दांडपट्टा, निशाणबाजी शिकवली जाई. तरुण जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाण मारणे शिकले ते याच वस्तादाकडे. जरा थांबून हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाने माळी समाजातल्या तरुणाची मनगटे धरून पट्टा फिरवायला शिकवले. पुढे त्याच तरुणाने शाळा काढल्या तेव्हा वस्ताद त्याच्या पाठीशी उभे राहिले. शिकवणाऱ्याची जबाबदारी डाव शिकवून संपत नाही, शिष्य जे काम हाती घेतो त्याची झळ सोसायचीही असते, हे लहुजींना कुणा पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नाही. पण शारीरिक शिक्षणाच्या इतिहासावर जी पाठ्यपुस्तके आमचे विद्यार्थी वाचतात त्यांत स्पार्टा असते, अथेन्स असते, जर्मनीचा यान आणि स्वीडनचा लिंग असतो. त्यांत लहुजी शोधून दाखवावेत.

तालमीविषयी बोलताना भाबडेपणा नको. वस्तादाची किंमत हुन्नरावर ठरे ही गोष्ट काही प्रमाणात खरी. बडोद्याला जुम्मादादा या मुसलमान वस्तादाच्या नावाने त्यांचे शिष्य माणिकराव यांनी व्यायाम मंदिर चालवले, ही परंपरा खोटी नाही. पण गावोगावच्या तालमीत मारुती होता, आणि जिथे देव तिथे विटाळ. शिवाय कुस्ती हा मुळातच स्पर्शाचा खेळ. दोन शरीरे एकमेकांना भिडल्यावाचून, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगाला लागल्यावाचून कुस्ती होत नाही. हुतुतूचेही तेच, शिवल्याशिवाय गडी बाद होत नाही. ज्या समाजाने आमची सावली टाळली त्याने आम्हाला हौद्यात कसे घेतले असते? म्हणून आमच्या लोकांनी आपल्या तालमी वेगळ्या काढल्या, आपले वस्ताद वेगळे केले. आणि तालीम वेगळी म्हणजे खुराक वेगळा. बदाम, तूप, दुधाचा रतीब ही राजाश्रयाची किंवा जमीनदारीची गोष्ट. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे केले, आणि याच राजाने अस्पृश्यांसाठी आपले दरवाजे उघडले. पण शाहू एकच होते.

दुसरी वाट लष्कराची. इंग्रजी शाळांत कवायत सुरू झाली तेव्हा ड्रिलमास्तर म्हणून बहुधा पेन्शनीतला हवालदार येई. त्याला शरीरशास्त्र ठाऊक नसे, पण रांग, शिस्त आणि मोठा आवाज ठाऊक असे. महार पलटणींतून हा वर्ग तयार होऊ शकला असता, काही प्रमाणात होतही होता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिक्षक म्हणून तयार झाले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. शिक्षक 'घडवण्याची' संस्था आणि त्यात शिकलेला महार, हे दृश्य एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्षात आले होते! पण १८९२–९३ च्या सुमारास लष्कराने महारांची भरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचे एक शास्त्र साहेबांनी शोधून काढले आणि त्यात भीमा-कोरेगावचे वारस बसेनात. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज-विनंत्या केल्या. नोकरी गेली म्हणून आपण हळहळतो. मला वाटते, त्या बंदीने नोकरीबरोबर शिकवणारा होण्याची एक वाटही बुजवली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. मधे जवळजवळ दोन पिढ्या गेल्या.

आता बाळू पालवणकरांकडे येतो. येथे थोडे रेंगाळायचे आहे.

चांभार समाजात १८७६ च्या सुमारास जन्मलेले बाळू पुण्यात आधी एका पारशी क्लबात आणि मग १८९२ पासून युरोपियनांच्या पूना क्लबात कामाला लागले. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवणे, पाणी मारणे, जाळी बांधणे. पगार महिना तीन रुपये, नंतर चार. कुणा साहेबाच्या लक्षात आले की पोराचा डावरा हात चेंडू वळवतो. मग कॅप्टन ग्रेग इतरांच्या तासभर आधी मैदानावर येऊन बाळूंकडून गोलंदाजी करवून घेऊ लागला. बाद केल्यास दर वेळी आठ आणे, अशी बोली होती म्हणतात. शेकडो तास हा मुलगा साहेबाला चेंडू टाकत राहिला. पण त्याच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी ही खानदानी माणसाची गोष्ट. चेंडू टाकणे हे नोकराचे काम.

क्रीडा-प्रशिक्षणाच्या भाषेत या व्यवहाराकडे पाहावे. समोरच्या फलंदाजाचा कच्चा कोपरा हेरणे, त्याच जागी पुन्हा पुन्हा चेंडू टाकून त्याची चूक त्याला दाखवणे, ती सुधारली की टप्पा बदलणे, रोज थोडे अवघड करत नेणे : याला आज कोचिंग म्हणतात. ग्रेगचा कोच बाळूच होते. पण तेव्हा कुणी तसे म्हटले नाही. आठ आणे टाकले की हिशेब मिटला. ज्ञान आमच्या हातात, हुद्दा त्यांच्या कागदावर. चामड्याचे, मातीचे, शेताचे, बाळंतपणाचे ज्ञान जसे आमच्याकडून घेऊन आम्हाला अडाणी ठरवले गेले, तसेच हे.

पुढची हकिकत आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचे होते, आणि हरवू शकणारा हात अस्पृश्याचा होता. बरीच काथ्याकूट होऊन बाळूंना संघात घेतले. मैदानावर चेंडू चालतो, पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनच्या बाहेर आणि त्यांचा चहा मातीच्या फेकून देण्याच्या कपात! १९११ साली हिंदी संघ विलायतेला गेला. संघ हरत होता आणि बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले, तेही भांडण करून. कर्णधार म्हणजे मैदानावर दुसऱ्यांना सांगणारा, हुकूम देणारा. खेळू देणे एक वेळ जमते. ऐकून घेणे जमत नाही.

(१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. हे लपवण्याचे कारण नाही, आणि त्यासाठी त्यांचा चेंडू विसरण्याचेही कारण नाही. चळवळीने आपल्याच माणसांना फार लवकर अडगळीत टाकले, असे मला कधी कधी वाटते.)

विसाव्या शतकात शिकवणाऱ्याला शिकवण्याच्या संस्था आल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने देशी खेळ तिथे दाखवले. मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, कांदिवलीची सरकारी संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५३ ची राजकुमारी अमृत कौर यांची प्रशिक्षण योजना, १९५७ साली ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय, आणि १९६१ साली पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. ही शेवटची पतियाळाच्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात भरली. हॉकीचे मुख्य प्रशिक्षक म्हणून ध्यानचंदांनी तिथे काम केले. 'एनआयएस' ही तीन अक्षरे तेव्हापासून कोचच्या नावापुढे लागू लागली.

या संस्थांकडे केवळ संशयाने पाहणे मला मान्य नाही. प्रमाणपत्र ही आमच्या दृष्टीने क्रांतिकारक वस्तू आहे. वस्तादाची मर्जी, घराणे, आळी यांवर जे ज्ञान अवलंबून होते ते परीक्षेवर आले. परीक्षा आली की राखीव जागा मागता येते, मागितली की भांडता येते. मारुतीच्या तालमीत अर्ज कुठे करणार होतो? शिवाय त्या ज्ञानाचीही गरज होती. स्नायू कसा थकतो, किती विश्रांती द्यावी, वाढत्या वयाच्या पोराच्या गुडघ्यावर किती भार टाकावा, उन्हात पाणी न देता पळवले तर काय होते, डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात का उतरवू नये, हे जुन्या वस्तादाला अनुभवाने थोडे ठाऊक होते आणि थोडे अजिबात ठाऊक नव्हते. 'पाणी प्यायल्याने दम जातो' म्हणून पोरांना तहानलेले ठेवणारे वस्ताद मी स्वतः पाहिले आहेत. आमच्या वस्तीतलेच होते. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि ते चुकत होते.

पण दाराशी उंबरठा राहिलाच. पदवी हवी, वरच्या पातळीवर खेळल्याचा दाखला हवा, इंग्रजी-हिंदीतले वर्ग समजायला हवेत, आणि तेवढे महिने घरी पैसे न पाठवता राहता यायला हवे. ज्या दादाने मुलाला त्या दाखल्यापर्यंत नेले तो स्वतः या चारांपैकी एकही अट पुरी करू शकत नव्हता.

आणि कागद आला म्हणून जबाबदारी आली काय? १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा पैलवान. घरची मल्लविद्या वडिलांकडून आलेली. त्याला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेला माणूस मॅटवर गेला आणि हरला. कांस्य मिळाले.

माझ्या विद्यार्थ्यांना मी ही हकिकत पहिल्याच तासाला सांगतो. खर्डीकरांना कुस्तीतला एकही डाव शिकवायचा नव्हता, तरी त्या दिवशीचे खरे मार्गदर्शक तेच. कोचचे निम्मे काम नियमांचे पुस्तक खिशात ठेवून आपल्या खेळाडूच्या बाजूला उभे राहण्याचे असते. लहान गावातून, वस्तीतून आलेल्या मुलाला हक्क मागण्याची सवय नसते. त्याला वाटते, पुकारले म्हणजे जायचेच. त्याच्या वतीने हात वर करणारा कुणी हवा.

यानंतर १९८५ साल. भारत सरकारने उत्कृष्ट प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला आणि त्याला नाव दिले द्रोणाचार्य. पहिल्या वर्षी तो कुस्तीचे भालचंद्र भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार यांना मिळाला. या माणसांच्या कर्तृत्वाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार नावाविषयी आहे. ज्या गुरूने निषादाचे पोर म्हणून एकलव्याला दारातून परत पाठवले, आणि त्याने न शिकवता मिळवलेल्या विद्येची फी म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागितला, तो आमच्या प्रजासत्ताकाचा आदर्श प्रशिक्षक! खेळाडूंसाठी १९६१ पासून अर्जुन होताच. ज्याच्यासाठी अंगठा कापला त्याला एक बक्षीस आणि ज्याने कापवला त्याला दुसरे. मध्य प्रदेशात कनिष्ठ खेळाडूंना एकलव्य पुरस्कार दिला जातो. म्हणजे एकलव्याला शिकणाऱ्याचे बक्षीस देता येते, शिकवणाऱ्याचे नाही. २०२१ साली खेलरत्न पुरस्काराचे नाव बदलून ध्यानचंदांचे दिले गेले, तेव्हा नावे बदलता येत नाहीत असे कुणी म्हणू नये. नामांतराची किंमत काय असते हे मराठवाड्याने १९७८ ते १९९४ पाहिले आहे, म्हणून हे मी सहज लिहीत नाही.

द्रोण अकार्यक्षम होता असे महाभारत म्हणत नाही. धनुर्विद्येत त्याच्या तोडीचा शिक्षक नव्हता. क्षमता पुरेपूर आणि जबाबदारी फक्त राजवाड्याशी. आमच्या अभ्यासक्रमात क्षमतेचे विषय ढीगभर आहेत : शरीररचना, क्रीडा मानसशास्त्र, भार आणि विश्रांतीचे वार्षिक नियोजन. हे नियोजनाचे शास्त्र बरेचसे सोव्हिएत आणि पूर्व जर्मन अभ्यासातून आपल्याकडे आले, आणि ते उत्तमच आहे. पण या तक्त्यात ज्याच्या पोटात सकाळपासून चहा आणि खारी आहे त्याच्यासाठी रकाना कोणता? 'दोन अंडी, अर्धा लिटर दूध, सुका मेवा' असा आहार लिहून देणारा कोच पोराला लाजवतो आणि घालवतो. शेंगदाणे, गूळ, मोड आलेली मटकी, नाचणीची भाकरी यांतून काय उभे करता येते हे त्याला शिकवले पाहिजे. मुलीच्या रक्तात लोह किती आहे हे न तपासता तिला 'आळशी' म्हणू नये, हेही.

आणि स्पर्श. मघाशी म्हटले, खेळ स्पर्शाचा आहे. तसे शिकवणेही स्पर्शाचे आहे. कोपर वर उचलून द्यावे लागते, कमरेला आधार द्यावा लागतो. आमच्या बापजाद्यांना हा स्पर्श नाकारला गेला. एकलव्याला मातीच्या पुतळ्याकडून शिकावे लागले कारण जिवंत गुरूचा हात त्याला लागू शकत नव्हता. आज आमच्या मुली मैदानावर येतात तेव्हा भीती उलटी आहे. १९९० साली हरियाणात चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा राज्य संघटनेच्या अध्यक्षाने विनयभंग केला. तो बडा पोलीस अधिकारी होता. तक्रार केल्यानंतर तिच्या कुटुंबाचा छळ झाला, १९९३ साली त्या मुलीने जीव दिला, आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरवले ते २००९ साली. २०२३ साली देशाच्या नामवंत महिला कुस्तीपटूंना अशाच तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यावर बसावे लागले. २०१२ चा पोक्सो कायदा आहे, पण किती होऊ घातलेल्या कोचनी तो वाचला आहे? हात कुठे लावायचा, कुणासमोर, विचारून की न विचारता, हा धडा मुलांना बाहेरगावी सामन्याला नेण्याच्या आधी शिकवायचा असतो. २०२१ साली टोकियोत उपांत्य सामना हरल्यावर हॉकीपटू वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर जातीवरून शिवीगाळ झाली. संघातल्या मुलीला असे काही ऐकावे लागले तर कोचने काय करायचे, याचा तास कोणत्याही वेळापत्रकात मला दिसलेला नाही.

त्या कबड्डीवाल्या मुलाविषयी सांगायचे राहिले. त्याला प्रवेश मिळाला. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाने एक प्रात्यक्षिक पाठ द्यायचा असतो. चाळीस मिनिटे, कागदावर आराखडा, मागे परीक्षक. त्याने विषय घेतला 'घोट्याची पकड'. पाठ चालू असता त्याने कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाला आत बोलावले आणि पकड सोडवताना गुडघा कसा वाचवायचा ते त्याला करून दाखवायला सांगितले. बाहेरचा माणूस आणला म्हणून परीक्षकांनी दोन गुण कापले. आराखड्याच्या कागदावर, साहित्य या मथळ्याखाली मैदान, चुना, शिटी असे लिहून खाली त्याने त्या दादाचे नाव पूर्ण लिहिले होते, वडिलांच्या नावासकट. तो कागद मी फाइलीला लावला नाही. माझ्याकडेच आहे.